चाळीसपैकी चोवीस

समजा तुम्ही एके दिवशी वाचलेत, ‘कुंडली पाहून मुलांची बुद्धी ओळखली, ज्योतिषाची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर!’ म्हणजे साठ टक्के. परीक्षेत हा पहिला वर्ग झाला. मग कुंडलीवरून बुद्धी कळते असे मानायचे का?

हा आकडा काल्पनिक नाही. २००८ साली पुण्यात असा प्रयोग खरोखर झाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी तो केला. त्यावरील निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. मुलांच्या बुद्धीविषयीचा निबंध कसा वाचावा, हे शिकायला तो उत्तम आहे.

शंभर हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली शंभर मुले, अशा दोनशे जणांच्या कुंडल्या जमवल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस मिसळून प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे होते. उत्तरांची किल्ली मात्र सांकेतिक क्रमांकांच्या रूपाने पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात ठेवली होती. ती ज्योतिषांना ठाऊक नव्हती, तशी प्रयोग करणाऱ्यांनाही नव्हती. हे दुसरे कशाला? कारण उत्तर माहीत असलेला माणूस नकळत सूचना देतो, किंवा अस्पष्ट उत्तर आपल्या सोयीने वाचतो. कोणताही निबंध हाती आला की प्रथम पाहा, मोजणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होते का?

आता त्या चोवीसकडे वळू. दोनच पर्याय असल्याने डोळे मिटून उत्तरे दिली तरी सरासरी वीस बरोबर येतील. पण सर्वांची नेमकी वीस येणार नाहीत. उत्तरे पाठवणारे ज्योतिषी होते २७. वर्गातल्या २७ मुलांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले, तर गणिताप्रमाणे त्यांतल्या सरासरी तीन-चार जणांना चोवीस किंवा अधिक छापे पडतील! त्यांना कोणी नाणेपंडित म्हणणार नाही. प्रयोगात सर्वाधिक गुण चोवीसच होते, आणि तेही एकालाच. अठ्ठावीस मिळाले असते तर गोष्ट वेगळी होती; तेवढे नशिबाने शंभरात जेमतेम एकालाच मिळतात. एका संस्थेने सर्व दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाण्याने शंभरच्या आसपास दिली असती. सात-आठ इकडेतिकडे होणे अगदी नेहमीचे.

म्हणून एकट्या विजेत्याचा आकडा सांगणाऱ्या बातमीवर विसंबू नका. मैदानात किती जण उतरले होते ते विचारा. (आमच्या प्रयोगशाळेत ‘बिघडलेली’ वाचने खोडून आलेख सरळ करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तोही याच जातीचा प्रकार!)

पण टीका एकाच बाजूने करू नये. प्रयोगासाठी ५१ ज्योतिषी पुढे आले होते, उत्तरे आली २७ जणांची. उरलेल्या २४ जणांत जाणकार असतील, असे कोणी म्हटले तर ती शंका रास्त आहे. निबंधाने ती संख्या लपवली नाही, म्हणून तर आपण ती घेऊ शकतो. शिवाय येथे तपासला तो एकच दावा, बुद्धीचा. विवाह, आयुष्य, धनलाभ यांविषयी हा निबंध काहीच सांगत नाही, आणि आपणही त्याच्या तोंडी काही घालू नये.

जन्मवेळा चुकल्या असतील तर? लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, तेव्हा पाच-दहा मिनिटांच्या फरकाने बहुतेक कुंडल्यांतले लग्न तेच राहील. तरीही ज्यांना हा आक्षेप मोठा वाटतो, त्यांना नाशिकमधल्या एखाद्या प्रसूतिगृहाच्या नोंदवहीतल्या वेळा पालकांच्या संमतीने घेऊन हाच प्रयोग पुन्हा करता येईल. किल्ली मात्र तिसऱ्याच्याच कुलपात हवी.