तोरणमाळची कपार, हाल्डेनचा मुलगा आणि कमरेचा दोर

इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी पर्यटकांच्या भाराने कोसळला, चार माणसे प्राणास मुकली, जीर्ण पुलांच्या तपासणीचे हुकूम सुटले आणि जबाबदारी पर्यटकांची की सरकारची याचा यथासांग ऊहापोह होऊन हे प्रकरण आपल्याकडील बहुतेक प्रकरणांप्रमाणे लोकांच्या विस्मरणात जाऊ लागले. त्या साऱ्या चर्चेत एका गोष्टीची दखल फारशी कोणी घेतली नाही. माणसे अशा जागी केवळ अजाणतेपणाने जात नाहीत. जीर्ण, पडकी, ओस पडलेली वास्तू हीच अनेकांच्या आकर्षणाची वस्तू असते, आणि ज्या भिंतीवर ‘प्रवेश निषिद्ध’ लिहिले आहे तिच्यापलीकडे काय असेल या कुतूहलास वय अथवा शिक्षण यांचा अडसर होत नाही. पाश्चात्त्य शहरांत या कुतूहलाचा रीतसर छंद झाला असून अर्बन एक्स्प्लोरेशन या नावाने तो आपल्याकडेही पोहोचला आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या मुंबईच्या गिरण्या हे त्याचे आपल्याकडील स्वाभाविक क्षेत्र होते. पण गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले तसतसा हा छंद गडकोट, बुजलेल्या विहिरी, भुयारे आणि गुंफा यांकडे वळला आहे.

म्हणूनच या विषयाचा विचार तोरणमाळच्या संदर्भात करणे मला अधिक उपयुक्त वाटते. सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर, अक्राणी तालुक्यातील हे पठार. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी, गोरखनाथाचे मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुंफा आणि महाभारतातील युवनाश्व राजाच्या राजधानीची दंतकथा ज्यांना चिकटलेली आहे ते जुन्या तटबंदीचे अवशेष, एवढा ऐवज एका पठारावर एकवटला आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरकर्त्यांनाही त्याची दखल घ्यावीशी वाटली होती. शहादा, म्हसावद, राणीपूर या मार्गाने घाट चढून येणाऱ्या तरुणांच्या पाठीवर आता शिदोरीऐवजी ऑनलाइन मागविलेल्या साहित्याची पिशवी असते, आणि त्या पिशवीत काय असावे व काय असू नये हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

माझा आक्षेप प्रथम मुखवट्यावर आहे. पडक्या वास्तूंतील छायाचित्रांत जो तो वायुरोधक मुखवटा, म्हणजे गॅस मास्क, चढवून उभा असतो. छायाचित्रास तो शोभतो, आणि पाहणाऱ्याची अशी समजूत होते की हे चढविले म्हणजे कोठेही उतरण्यास हरकत नाही. वस्तुतः गाळणीचा कोणताही मुखवटा, मग तो औषधाच्या दुकानातील एन-९५ असो की रबरी तोंडाचा महागडा असो, हवेतील धूलिकण अथवा ठराविक वायू अडवितो. जो प्राणवायू हवेत मुळातच नाही तो मुखवट्यास निर्माण करता येत नाही. वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या कपारीत, जिच्या धुळीत फुफ्फुसास जडणाऱ्या बुरशीचे बीजाणू असण्याचा संभव असतो, एन-९५ किंवा भारतीय मानक ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ दर्जाचा मुखवटा अवश्य लावावा, आणि लावण्यापूर्वी दाढी करावी, कारण केसांच्या फटीतून शिरणारी हवा गाळली जात नाही. परंतु बुजलेली विहीर, टाके, तळघर, एका तोंडाचे भुयार या ठिकाणी त्या मुखवट्याचा भरवसा धरणे आत्मघातकी आहे.

याचा दाखला शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी नेवासा तालुक्यातील वाकडी येथे शेणखळीसारख्या वापरात असलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढण्यास एक मनुष्य उतरला, तो परत येईना म्हणून दुसरा, दुसरा येईना म्हणून तिसरा, अशी सहा माणसे त्या विहिरीत गेली आणि पाच मृत्यू पावली. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेस दोर बांधलेला होता आणि तो दोर ओढण्यास वर माणसे उभी होती. या विषयावरील कोणत्याही ग्रंथापेक्षा हा एक दोर मला अधिक प्रमाण वाटतो.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आपल्या खेडोपाडी आहे, आणि तीत अर्धे शास्त्र आहे. बाहेरच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २०.९ असते, ते सुमारे १६ पर्यंत उतरले की ज्योत विझते, आणि त्या पातळीस माणूस उभा असला तरी त्याची विवेकशक्ती डळमळू लागलेली असते. पण शेणखळीत अथवा गटारात जो हायड्रोजन सल्फाइड असतो त्याच्या मारक प्रमाणानेही ज्योत विझत नाही. शिवाय सडलेल्या अंड्यासारखा त्याचा दर्प प्रमाण वाढताच येईनासा होतो, कारण तो वायू घ्राणेंद्रियच बधिर करतो. ज्याला ‘आता वास गेला’ असे वाटते, त्याच्यावरच खरे संकट ओढवलेले असते. आणि जेथे मिथेन साठला असेल तेथे उघड्या ज्योतीचा कंदील सोडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण होय.

या विषयात ज्या मनुष्याची मुद्रा सर्वांत खोल उमटली आहे त्याची थोडी अधिक हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जॉन स्कॉट हाल्डेन हा स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ. खाणीतील स्फोटांत मेलेल्या मजुरांची प्रेते तपासून त्याने १८९६ साली असा निष्कर्ष सरकारास सादर केला की बहुतेक मृत्यू स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर नंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने होतात. हा विषारी वायू त्याने स्वतःच्या फुफ्फुसांत घेऊन त्याचे परिणाम टिपून ठेवले, आणि माणसाआधी ज्याला हा वायू बाधतो असा लहान प्राणी सोबत न्यावा ही सूचना केली. तीतून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा निघाली आणि ब्रिटनच्या खाणींत ती १९८६ पर्यंत टिकली. आपल्या लहान मुलास तो एकदा खाणीत घेऊन गेला, छताखाली मिथेन साचलेल्या जागी त्याला उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. मुलगा भाषण म्हणू लागला, थोड्याच वेळात धापा टाकू लागला आणि पाय लटपटून खाली पडला. पडल्यावर त्याच्या ध्यानात आले की जमिनीलगत श्वास नीट घेता येतो. मिथेन हवेहून हलका असल्यामुळे वर तरंगतो हे ज्ञान त्याला त्या दिवशी झाले आणि जन्मभर पुरले. तो मुलगा म्हणजेच पुढे विख्यात झालेला जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, जो १९५७ मध्ये भारतात आला, येथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तला. असल्या शिक्षणपद्धतीची शिफारस आजचा कोणताही पालक करणार नाही. पण तिच्यात एक उणीव होती ती सांगितली पाहिजे. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, तो तळाशी साचतो. तेथे पडलेला मुलगा उठला नसता.

तेव्हा बंद जागेत शिरण्याची ज्यांना खरोखरच हौस आहे त्यांनी चार वायूंचे मापन करणारे खिशातील यंत्र घ्यावे, जे प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू यांची मोजणी करून धोक्याच्या पातळीस किंचाळते. प्राणवायू शेकडा १९.५ च्या खाली गेला की मागे फिरावे हा सर्वमान्य दंडक आहे. यंत्र दोरीस बांधून आधी खाली सोडावे, स्वतः मागाहून. यंत्र परवडत नसेल तर उतरूच नये, कारण स्वस्तातील पर्याय येथे नाही. तोरणमाळची जी गुंफा यात्रेकरूंच्या पायाखालची आहे तिच्याविषयी मी हे लिहीत नाही. महाशिवरात्रीस तेथे माणसांची रीघ लागते. लिहितो आहे ते त्या अनाम कपारींविषयी, जेथे वर्षानुवर्षे कोणी पाऊल टाकलेले नसते आणि म्हणूनच ज्यांचे आकर्षण अधिक असते.

दोराविषयी बाजारात जो गोंधळ आहे तोही निस्तरला पाहिजे. शेतीच्या दुकानातील नायलॉनचे चऱ्हाट गुरे बांधण्यास उत्तम. माणूस टांगण्यास नव्हे, कारण त्याची ताकद, वय आणि ऊन यांचा कोणताही दाखला त्याबरोबर मिळत नाही. गिर्यारोहणाचे दोर मुख्यत्वे दोन जातींचे असतात. एक ताणला जाणारा, जो पडणाऱ्या माणसाचा हिसका स्वतः लांबून शोषून घेतो; दुसरा जवळजवळ न ताणला जाणारा, जो उतरण्यास व ओझे ओढण्यास सोयीचा, पण त्यावर माणूस उंचावरून पडला तर सारा हिसका त्याच्या कण्यावर येतो. दोन्हींच्या वेष्टनावर मानकाचा क्रमांक छापलेला असतो: पहिल्यावर ईएन ८९२, दुसऱ्यावर ईएन १८९१. तो नसेल तर विक्रेत्याची ग्वाही पुरेशी मानू नये. वाकडीतील माणूस कमरेच्या दोराने वाचला हे खरे असले, तरी कमरेला बांधून लोंबकळणारा मनुष्य अल्पावधीतच श्वासास मोताद होतो. म्हणून अंगभर पट्ट्यांचा कवचपट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, हवा. आणि हे सर्व विकत घेतल्याने ते वापरण्याची विद्या येत नाही, हे सांगण्याची वेळ यावी याचेच मला नवल वाटते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी संलग्न संस्था प्रशिक्षण देतात. तेथे घालविलेला एक शनिवार-रविवार दोराच्या किमतीहून अधिक मोलाचा आहे.

शिरस्त्राणाबाबत थोडक्यात. मोटारसायकलचे हेल्मेट चढवून भिंतींखाली हिंडणारे महाभाग मी पाहिले आहेत; त्यात कान बंद होतात, पायाखालचे दिसत नाही, आणि वरून सुटलेल्या दगडाची चाहूल लागत नाही. बांधकामावरील टोपीची हनुवटीची पट्टी साधारण पंधरा ते पंचवीस किलो ताणाला सुटावी अशीच घडविलेली असते, म्हणजे टोपी कोठे अडकली तर माणसास फास बसू नये. गिर्यारोहकाच्या शिरस्त्राणाची पट्टी मात्र पन्नास किलोपर्यंत सुटता कामा नये, कारण घसरताना ते डोक्यावर राहिले पाहिजे. अर्थात गिरणीच्या सांगाड्यात पहिली, सीताखाईच्या बाजूस दुसरे. बुटांचेही तसेच आहे. खिळ्यांनी भरलेल्या जमिनीवर पोलादी तळपट्टीचे कारखान्यातील बूट हवेत, पण ओल्या, शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर ते घसरतात. तेथे सह्याद्रीतील अनेक भटक्यांची निष्ठा लाभलेले ‘ॲक्शन’चे स्वस्त बूट परदेशी नाममुद्रेपेक्षा कमी ठरत नाहीत. दिवे किमान दोन, त्यांतला एक कपाळावर, म्हणजे हात मोकळे राहतात. तोरणमाळच्या पावसाळी धुक्यात चालावयाचे तर पाण्याचा प्रतिकार आयपीएक्स ४ हून अधिक असावा. मोबाईलचा दिवा या गणनेत धरू नये, कारण मदत मागण्यापुरती वीज त्यात उरली पाहिजे. आणि एक शिट्टी: मिनिटास सहा वेळा वाजविली की ती जगभरच्या गिर्यारोहकांत संकटाची हाक मानली जाते.

साप आणि आग्या मोहोळ यांवरील फवारे व मलमे घेऊ नयेत. सुगंधी द्रव्ये आणि धूर मोहोळास चेतवितात. सर्पदंशावर आवळपट्टी बांधल्याने अपायच होतो, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष दवाखान्यात मिळते, पिशवीत नव्हे.

आता जे सांगावयाचे ते साहित्याच्या यादीत सहसा नसते. सह्याद्रीत कोणी दरीत अडकले तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखी अनुभवी पथके धावतात. तोरणमाळपासून ती चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत. येथे धावणार ते पाड्यावरचे भिल्ल आणि पावरा. ज्या अक्राणीत रस्त्याअभावी आजही गरोदर बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर वाहून न्यावे लागल्याच्या बातम्या येतात, त्याच अक्राणीत हौसेने पाय मोडून घेतलेल्या शहरी तरुणासाठी तीच झोळी आणि तेच खांदे मागावे लागतात, आणि ज्यांचे ते खांदे असतात त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. सीताखाईच्या कड्याकडे जाताना दीडशे रुपयांची शिट्टी विसरणाऱ्याचा मला राग येत नाही. ज्याने गावात कोणालाही न सांगता उतरण्याचे ठरविले त्याचा येतो. स्थानिक माणूस वाटाड्या म्हणून रीतसर मोबदला देऊन सोबत घेणे ही मला या साऱ्या साहित्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वसनीय वस्तू वाटते. (माणसास वस्तू म्हटल्याबद्दल क्षमस्व.)

परवान्याचेही तसेच. राखीव वनात विनापरवाना प्रवेश हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि शहरातील बंद गिरणीत वाईट हेतूने शिरणाऱ्यास भारतीय न्याय संहितेचे ३२९ वे कलम लागू शकते. रक्षकाने हटकल्यावर हेतू सिद्ध करीत बसण्यापेक्षा आधी इजाजत मिळविणे सोपे.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवावा की प्रथम दिवे, मग शिरस्त्राण, मग बूट. दोर आणि कवचपट्टा प्रशिक्षणानंतर, गॅस मास्क कधीच नाही. निघण्यापूर्वी परतीची वेळ घरी आणि गावात, दोन्हीकडे, सांगावी. आणि गेल्या दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर गंजक्या लोखंडाकडे जाण्याआधी ती टोचून घ्यावी; ती सरकारी दवाखान्यात मिळते.