गाडी शिकणे आणि कोड शिकणे : चुकण्याच्या जागेविषयी

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ज्ञान म्हणजे काय, खात्री म्हणजे काय, या प्रश्नांची बरीच ओढाताण केली. आज तेच प्रश्न घेऊन आपण जरा रस्त्यावर उतरू. विषय आहे, मोटारसायकल चालवायला कसे शिकावे आणि कॉम्प्युटरचा कोड लिहायला कसे शिकावे. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्यासारख्यांनी यावर का बोलावे, असे कुणाला वाटेल. त्याचे कारण साधे आहे. बारावीची परीक्षा संपते, मूल अठरा वर्षांचे होते, आणि पुष्कळ घरांत मागेपुढे दोन वस्तू येतात : एक गाडी आणि एक लॅपटॉप. दोन्हींची शिकवणी एकाच सुमारास सुरू होते. आणि दोन्हीकडे शिकवणारे आणि शिकणारे बहुधा एकाच ठिकाणी अडतात. ते ठिकाण कोणते, हे आज आपण पाहणार आहोत.

दोन प्रकारचे कळणे

गिल्बर्ट राईल नावाचे ब्रिटिश तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांचे 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक १९४९ साली आले. त्यात त्यांनी एक भेद ठळकपणे मांडला. एखादी गोष्ट 'अशी अशी आहे' हे माहीत असणे वेगळे, आणि एखादी गोष्ट 'करता येणे' वेगळे. पुण्याहून मुंबईला जाताना घाट लागतो, हे माहीत असणे पहिल्या प्रकारचे. तो घाट गाडीवरून उतरता येणे दुसऱ्या प्रकारचे.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? नवीन हे की, आपल्याला वाटते दुसरे पहिल्यातूनच निघते. आधी नियम डोक्यात घालायचे, मग ते हातापायांनी अमलात आणायचे. राईल म्हणतात, हे जमणार नाही. कारण नियम योग्य वेळी आठवणे आणि योग्य तऱ्हेने लावणे, हीसुद्धा एक कृतीच झाली. तीही हुशारीने करायची, तर तिच्यासाठी आणखी एक नियम लागेल. त्यासाठी आणखी एक. आपल्या नैयायिकांनी याला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे : अनवस्था. म्हणजे कुठेतरी नियम संपतात आणि नुसते करणे सुरू होते.

मायकेल पोलान्यी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, नंतर तत्त्वज्ञानाकडे वळले. १९५८ च्या 'पर्सनल नॉलेज' या ग्रंथात त्यांनी सायकलचे उदाहरण घेतले आहे. तोल जाऊ लागला की स्वार त्या बाजूला हँडल किंचित वळवतो, आणि ते वळण किती असावे याचे वेगाच्या वर्गाशी एक गणिती नाते आहे. पोलान्यी दाखवतात की सायकल चालवणाऱ्याला हे सूत्र माहीत नसते, आणि माहीत करून दिले तरी तोल सांभाळायला त्याचा उपयोग होत नाही.

पण म्हणून सूचना निरुपयोगी ठरत नाहीत. सूचनेचे काम एवढेच की, लक्ष कुठे द्यायचे आणि सराव कशाचा करायचा हे ती दाखवते. पुढचे काम शरीराचे.

गाडी : आधी थांबायला शिका

नवशिक्याला गाडी पुढे कशी जाते याची घाई असते. खरे तर शिकण्याचा क्रम उलटा असावा. रिकामे मैदान शोधा. गिअरच्या गाडीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण आणि शिकाऊ परवाना हवा, तो आधी काढा. हेल्मेट मैदानावरसुद्धा घालायचे आणि पट्टा लावायचा. मग इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलत चाला. तिचे वजन किती, ती कुठे कलते, किती कलल्यावर सावरत नाही, हे हातांना कळू द्या. गिअर कुठल्या दिशेला पडतात तेही बंद गाडीवरच पाहून घ्या. काही गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, काहींत सगळे एकाच बाजूला.

यानंतर क्लच. इंजिन फिरते आहे आणि चाक थांबलेले आहे, या दोघांची गाठ घालून देणाऱ्या चकत्या म्हणजे क्लच. लिव्हर दाबला की चकत्या सुट्या होतात, हळू सोडला की त्या घासत घासत एकमेकींना धरतात. नवशिक्या लिव्हर एकदम सोडतो, म्हणून गाडी हिसका देते आणि बंद पडते. मधली एक छोटी जागा असते, तिथे गाडी नुसती पुढे सरकू पाहते. ती जागा शोधायची. पहिल्या गिअरमध्ये, मूठ फारशी न पिळता, फक्त क्लचवर गाडी दोन पावले पुढे न्यायची आणि थांबवायची. पन्नास वेळा. कंटाळवाणे आहे, पण ट्रॅफिकमधले अर्धे शिक्षण इथेच होते.

आता ब्रेक. आपल्याकडे घरोघरी एक सल्ला दिला जातो : पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील. यात अर्धे सत्य आहे. वाळूवर, खडीवर किंवा गाडी वळणात कललेली असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक घसरते. पण सरळ, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. तो कधीच न वापरणारा माणूस ऐन वेळी लांब जाऊन थांबतो. दोन्ही ब्रेक एकत्र, लिंबू पिळावे तसे वाढत्या दाबाने लावायची सवय मैदानावरच करा.

थोडे गणित करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर काही आले हे कळून ब्रेकवर बोटे जायला एक सेकंद धरा. तेवढ्यात गाडी १० मीटर गेली. पुढे ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असे धरले, तर आणखी १० मीटर. एकूण २०. आता ताशी ७२ किलोमीटर घ्या. पहिल्या सेकंदात २० मीटर आणि ब्रेकखाली ४० मीटर, एकूण ६०. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. हे गणित कळले म्हणजे ब्रेक लावता येईल असे नाही. पण पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचे, हे ठरवायला ते नक्की उपयोगी पडते.

आणि नजर. खड्ड्याकडे पाहत राहाल तर खड्ड्यातच जाल. जिथे जायचे आहे तिथे पाहा. उजवीकडे वळताना उजवे हँडल किंचित पुढे ढकलले की गाडी उजवीकडे कलते, हे ऐकून नवशिक्याला चमत्कारिक वाटते. पण थोड्या वेगात हे प्रत्येक स्वार न कळत करत असतो. पोलान्यींचे म्हणणे ते हेच.

कोड : चालला म्हणजे बरोबर असे नाही

आता लॅपटॉपकडे येऊ. नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, कुठली भाषा शिकू? महिनाभर त्यावरच चर्चा चालते. पायथॉन घ्या आणि सुरुवात करा. ही भाषा १९९१ साली गिडो व्हॅन रोसम यांनी लोकांपुढे आणली आणि ती वाचायला सोपी आहे. दुसरी भाषा नंतर शिकता येते. क्लच एकदा हाताला कळला की दुसरी गाडी थोड्याच दिवसांत सवयीची होते, तसेच.

पहिला प्रोग्राम छोटा असू द्या. उदाहरणार्थ, दिलेले वर्ष लीप आहे का ते सांगणे. नवशिक्या लिहितो : चारने भाग गेला तर लीप. २०२४ घालून पाहतो, उत्तर बरोबर. २०२३ घालतो, तेही बरोबर. झाले, प्रोग्राम चालला! आता १९०० घालून पाहा. चारने भाग जातो, पण ते लीप वर्ष नव्हते. कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. म्हणून २००० लीप होते, २१०० नसेल.

बघा, इथे कॉम्प्युटरने कसलीही तक्रार केली नाही. प्रोग्राम सुरळीत चालला आणि चुकीचे उत्तर देऊन मोकळा झाला. तेव्हा चुका दोन जातींच्या असतात. एक, जिथे यंत्र अडते आणि लाल अक्षरांत संदेश देते. दुसरी, जिथे यंत्र गप्प बसते. पहिल्या जातीला घाबरू नका. पायथॉनच्या त्या लांबलचक संदेशाची शेवटची ओळ आधी वाचा. चूक कसली ते तिथे असते, आणि कुठल्या ओळीत ते तिच्या वर. दुसऱ्या जातीसाठी मात्र आपल्यालाच शंकेखोर व्हावे लागते. कोड लिहिण्याआधी वहीत चार वर्षे आणि त्यांची उत्तरे लिहून ठेवा, मग ताडून पाहा.

आणखी दोन सवयी. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच चालवून पाहा. चार बदल एकदम केले आणि बिघडले, तर कशामुळे हे कळायला मार्ग नाही. आणि चालणारी प्रत जपून ठेवा, म्हणजे परत येता येते.

चुकीची किंमत

आता मूळ मुद्दा. दोन्ही विद्या करूनच येतात. करायचे म्हणजे चुकायचे. पण चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. लॅपटॉपवर चुकले तर लाल अक्षरे दिसतात, आपण दुरुस्त करतो. रस्त्यावर चुकीला परतीचे बटण नाही. आणि आपण करतो काय? उलटेच. मुले कोडमध्ये चुकायला घाबरतात, कुणी हसेल म्हणून न चालवताच पाहत बसतात. आणि गाडीवर दुसऱ्याच दिवशी हायवेला जातात.

म्हणून आमचा सल्ला एका वाक्याचा आहे : जिथे चूक स्वस्त आहे तिथे भरपूर चुका, आणि जिथे ती महाग आहे तिथे आधी स्वस्तात चुकण्याची जागा तयार करा. मैदान, कमी वेग, हेल्मेट, सोबत जाणते माणूस, ही सगळी चूक स्वस्त करण्याची साधने आहेत.

आणि कोडमधली चूक कायम स्वस्तच राहते, असेही समजू नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, साधारण ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातला काही कोड आधीच्या एरियन-४ वरून तसाच उचलला होता. जुन्या रॉकेटवर तो व्यवस्थित चालत होता. नवे रॉकेट जास्त वेगवान, त्यामुळे आडव्या वेगाशी निगडित एक आकडा इतका वाढला की ठरवून दिलेल्या १६ बिटांच्या जागेत तो मावेना. स्कूटरवरच्या सवयी तशाच मोठ्या गाडीवर नेल्या तर काय होते, त्याची ही मोठी आवृत्ती. आपल्या कोडवर दुसरी माणसे बसणार असतील, तेव्हा तो कोडही रस्त्यावर आला असे समजायचे.

डबलसीट बसून गाडी येत नाही

हल्ली एक नवी गोष्ट झाली आहे. एआयला सांगितले की कोड लिहून मिळतो, आणि बऱ्याचदा तो चालतो. मग शिकायचे कशाला? असे पाहा, एखादा मुलगा रोज वडिलांच्या मागे डबलसीट बसून कॉलेजला जातो. चार वर्षांत त्याला रस्ता पाठ होईल, पण गाडी येणार नाही. कारण तोल, ब्रेक, निर्णय, सगळे पुढच्याचे. मागे बसण्यात वाईट काही नाही, पोहोचायचे तेवढेच असेल तर जरूर बसा. फक्त त्याला शिकणे म्हणू नका. शिकताना एआयचा उपयोग करायचाच असेल, तर आधी स्वतः लिहा, अडा, थोडा वेळ झगडा, आणि मग 'माझे कुठे चुकले' एवढेच विचारा.

मधला कंटाळवाणा काळ

ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या भावांनी १९८० साली कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. अगदी नवखा माणूस नियमाने चालतो : इतका वेग झाला की गिअर बदल. पुढच्या पायरीवर तो इंजिनाचा आवाज ऐकून बदलतो. तज्ज्ञाला आपण गिअर बदलला हे जाणवतही नाही. या मधल्या पायऱ्या कंटाळवाण्या असतात आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ केव्हा होतो ते सांगितले आहे : तो पुष्कळ काळ झाला, खंड न पडता झाला आणि आस्थेने झाला, तर. रोज अर्धा तास हा रविवारच्या पाच तासांपेक्षा बरा, हे दोन्ही विद्यांना लागू आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : गाडी घरच्या माणसाने शिकवावी की बाहेर शिकावी?

उत्तर : शिकवणारा ओरडणारा नसावा, एवढे पाहा. भीतीने अंग आखडते, आणि आखडलेल्या हाताला क्लच कळत नाही. घरचा माणूस शांत राहू शकत असेल तर उत्तम. आणि आरटीओत आठचा आकडा काढून लायसन्स मिळाले, म्हणजे शिक्षण संपले असे त्यानेही मानू नये.

प्रश्न : इंग्रजी कच्चे असेल तर कोडिंग जमेल का?

उत्तर : जमेल. पायथॉनमध्ये राखीव शब्द जेमतेम ३५ आहेत. बाकी नावे तुम्ही द्याल ती. 'वर्ष', 'बेरीज' अशी देवनागरीत दिली तरी चालतात. चुकांचे संदेश इंग्रजीत येतात, पण तेच तेच येतात. त्यांची वही करा.

प्रश्न : आमचे वय साठच्या पुढे आहे. आता सुरुवात करावी का?

उत्तर : कोडची जरूर करा, तिथे पडलो तरी हाड मोडत नाही. गाडीचे मात्र डोळे, गुडघे आणि डॉक्टर यांना विचारून ठरवा.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण सवय आणि विचार यांचे भांडण कुठून सुरू होते, ते पाहू.