पळस्प्याचा खर्ज

मराठी कानाला टिपेचा सूर प्रिय आहे. लावणीने आणि संगीत नाटकांनी ही गोडी लावली, पुढे भावगीतांनी ती जोपासली. शेवगाव तालुक्यात कुठल्याही गावच्या हरिनाम सप्ताहात जा. कीर्तन रंगात येतं, चाल वरच्या पट्टीत चढते, मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांपैकी एखादा तार सप्तकात आवाज फेकतो आणि सगळा मंडप माना डोलावतो. खाली, खोल उतरलेल्या सुराला अशी दाद सहसा मिळत नाही. तो कानात आधी शिरावा लागतो, मग कळतो. अशा खोल सुरांवर ज्यांनी सगळं आयुष्य उभं केलं, ते एक थोर गायक याच महाराष्ट्रात राहिले, इथेच त्यांनी शिष्य घडवले; पण त्यांचं नाव आपल्याकडच्या किती घरांत माहीत आहे, हा प्रश्नच आहे.

ते गायक म्हणजे उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर. मुंबईहून पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागताना पळस्पे फाटा येतो. त्या परिसरात डागर बंधूंचं ध्रुपद गुरुकुल आहे. गाण्याच्या जगात पळस्पे या नावाला त्यामुळेच वजन आलं.

फरीदुद्दीन यांचा जन्म 1932 साली उदयपूरचा. आजोबा झाकीरुद्दीन खाँ आणि वडील झियाउद्दीन खाँ हे दोघेही उदयपूर दरबाराचे गायक. डागरांच्या घरात ध्रुपद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मुलांनी गळ्याबरोबर वीणाही शिकायची, असा रिवाज होता. थोरले भाऊ मोहियुद्दीन यांनी रुद्रवीणा हाती धरली, फरीदुद्दीन यांनी गाणं. 1946 साली वडील गेले, तेव्हा धाकटा जेमतेम चौदा वर्षांचा होता. पाठोपाठ संस्थानं विलीन झाली आणि कलावंतांना पोसणारे दरबारही संपले. घरात विद्या होती, पण ती ऐकायला आणि जगवायला कुणी उरलं नव्हतं. फरीदुद्दीन यांनी पुढची तालीम थोरल्या भावाकडे घेतली. मोहियुद्दीन मुंबईत आले, चेंबूरला राहिले आणि पुढे याच महाराष्ट्रात दोघा भावांनी आपल्या परंपरेचं बिऱ्हाड थाटलं.

त्यांचं गाणं समजून घ्यायचं तर आधी ध्रुपदाची चाल कळायला हवी. ख्यालात बंदिश लवकर येते, तबला सुरू होतो, ताना येतात. डागरांच्या ध्रुपदात आधी आलाप, आणि तो तासभरही चालू शकतो. त्यात कवितेचे शब्द नसतात. आ, र, न, री, नूम, तोम अशी अक्षरं असतात. ठेका नसतो, सोबतीला फक्त तंबोरे. गायक मधल्या षड्जापासून निघतो आणि वर न जाता खाली उतरतो. मंद्र सप्तकातला निषाद, धैवत, पंचम असा एकेक स्वर उघडत तो तळाला जातो. रागाचं पहिलं दर्शन या खालच्या मजल्यावर घडतं. तिथे आवाज डळमळला, तर वर कितीही आतषबाजी केली तरी पाया कच्चाच राहतो. आलापानंतर जोड, मग झाला, आणि शेवटी पखवाजाबरोबर बंदिश: बारा मात्रांचा चौताल, चौदा मात्रांचा धमार किंवा दहा मात्रांचा सूलताल.

खालचे स्वर किती खालचे, हे आकड्यांत पाहिलं तर नवल वाटतं. पाश्चात्त्य ऑपेरामध्ये सर्वांत खोल पुरुषी आवाजाला बास म्हणतात. अशा गायकाची खालची मर्यादा साधारणपणे सेकंदाला 82 कंपनांच्या आसपास धरतात. काही आवाज त्याहून खाली जातात. पुरुष गायकाने काळी एकमध्ये षड्ज धरला, तर त्याचा मधला सा सुमारे 139 कंपनांचा होतो आणि मंद्र सप्तकाचा सा, म्हणजे खर्ज, सुमारे 69 कंपनांचा. ध्रुपदिया त्या खर्जावर टेकतो, कधी त्याच्याही खाली डोकावतो. बास गायकाला मात्र वेगळंच आव्हान पेलायचं असतं. समोर शंभरेक वादकांचा ताफा आणि हजारोंचं नाट्यगृह असताना त्याला ध्वनिक्षेपकाशिवाय गावं लागतं. त्यासाठी तो घसा आणि तोंडाची पोकळी अशी ठेवतो की आवाजातल्या 3000 कंपनांच्या आसपासच्या वरच्या छटा उजळून निघतात आणि वाद्यांच्या गर्दीतून पार होतात. ध्रुपदियाचं सगळं लक्ष एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाणाऱ्या मींडेवर आणि स्वराच्या बारीक श्रुतींवर असतं.

हा आवाज निव्वळ देणगी नाही. स्वरतंतू आखूड, जाड आणि सैल झाले की कंपनं कमी होतात आणि आवाज खाली जातो. झोपेतून उठल्यावर हे तंतू किंचित फुगलेले आणि शिथिल असतात, म्हणून पहाटेचा आवाज नेहमीच जड लागतो. आपल्याकडच्या जुन्या गवयांनी खर्जाच्या रियाजाला हीच वेळ ठरवली. उजाडण्यापूर्वी तंबोरा जुळवायचा. चौथी तार पितळेची. तिला खर्जाचीच तार म्हणतात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी काढायची, म्हणजे तारेतून स्वरांची भरदार गुंज निघते. मग षड्ज लावायचा, श्वास पुरेल तोवर धरायचा, आणि एकेक स्वर खाली जायचं. जिथे आवाज फाटायला लागतो तिथे जोर करायचा नाही. तिथेच थांबून तो स्वर भरायचा. दाबून काढलेला खर्ज घोगरा आणि कोरडा लागतो, तर भरलेला खर्ज छातीत घुमतो. हे दोन-चार महिन्यांचं काम नाही, वर्षं जातात. शिवाय पाया भक्कम झाला की वरचे स्वरही विनासायास लागतात, असा गायकांचा अनुभव आहे.

फरीदुद्दीन यांच्या गळ्यात वीणेचं अंग होतं, आणि त्याला घरातलंच कारण होतं. मोहियुद्दीन यांनी रुद्रवीणेची रचनाच बदलली. मोठे भोपळे, जाड दांडी, जाड तारा असं अवजड वाद्य त्यांनी बनवून घेतलं आणि नख्या न घालता उघड्या बोटांनी ते वाजवलं. त्यामुळे स्वर अधिक खोल आणि अधिक काळ टिकणारा झाला. थोरल्याच्या वाद्यात आणि धाकट्याच्या गळ्यात एकच शोध चालू होता, सूर खाली नेऊन तिथे किती वेळ जिवंत ठेवता येतो याचा. दिग्दर्शक मणि कौल हे स्वतः डागरांकडे शिकले. 1982 सालच्या त्यांच्या ‘ध्रुपद’ या चित्रपटात हे दोघे भाऊ दिसतात.

समुद्रापलीकडे साधारण त्याच काळात आणखी एक खोल आवाज आकाराला येत होता. तियान हाओजियांग यांचा जन्म 1954 साली बीजिंगमध्ये झाला. आईवडील सैन्याच्या संगीत पथकात. सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तशी पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या घरात ठेवणंही धोक्याचं झालं. या मुलाची रवानगी झाली ती बॉयलरच्या कारखान्यात, पत्र्याच्या कामावर. एकदा तो मित्राला भेटायला गेला आणि इमारतीखालून त्याने जोरात हाक मारली. ती ऐकून एका अनोळखी माणसाने त्याला सांगितलं, तुझा आवाज गाण्याचा आहे. त्यानंतर बीजिंगची संगीत संस्था, 1983 मध्ये अमेरिका, डेन्व्हरमधलं शिक्षण आणि 1991 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचा रंगमंच. तिथे ते वीसेक वर्षं गायले. 2006 साली तान दुन यांचा ‘द फर्स्ट एम्परर’ हा ऑपेरा रंगला, त्यात प्लासिदो डोमिंगो सम्राट होते आणि तियान सेनापती. ऑपेरात बास गायकाच्या वाट्याला राजे, पुरोहित, म्हातारे बाप आणि खलनायक येतात. नायक बहुधा वरच्या आवाजाचा टेनर असतो. खालच्या सुराला मिरवायला कमी मिळतं, हे तिकडेही तसंच.

दोघांच्याही उमेदीच्या वयात ज्या जगासाठी ते घडत होते ते जगच कोसळलं: एकाचा दरबार गेला, दुसऱ्याच्या गाण्यावरच बंदी आली. पण तियान यांना पुढे मोठा बांधलेला रंगमंच मिळाला. फरीदुद्दीन यांना आधी श्रोतेच घडवावे लागले. ते काही काळ युरोपात शिकवत होते. 1980 च्या सुमारास मणि कौल यांच्याच आणखी एका चित्रपटाच्या निमित्ताने ते भोपाळला आले आणि मध्य प्रदेश सरकारच्या ध्रुपद केंद्राची धुरा त्यांनी उचलली. तिथे सुमारे पंचवीस वर्षं त्यांनी शिकवलं. ध्रुपद आता वस्तुसंग्रहालयात ठेवायची चीज झाली, असं बोललं जात होतं, तेव्हा त्यांनी साध्या घरांतून आलेल्या, खानदानी नसलेल्या मुलांना समोर बसवलं आणि घरातली विद्या हातचं न राखता दिली.

त्या मुलांतले एक उदय भवाळकर. उज्जैनच्या मराठी घरातला हा मुलगा कोवळ्या वयात भोपाळला पोहोचला आणि वर्षानुवर्षं गुरूंच्या सहवासात राहून शिकला. थोरल्या उस्तादांचीही तालीम त्यांना मिळाली. आज भवाळकर पुण्यात राहतात आणि देशविदेशात गातात. अमोल पालेकर यांच्या ‘अनाहत’ या मराठी चित्रपटाचं संगीत त्यांचं आहे. त्यांचा मंद्र सप्तकातला षड्ज ऐकणं हा एक अनुभव आहे: आवाज खाली जाताना बारीक होत नाही, उलट रुंद होतो.

1990 मध्ये मोहियुद्दीन गेले. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर हे रुद्रवीणा वाजवतात आणि पळस्प्याचं गुरुकुल त्यांनी पुढे चालवलं आहे. फरीदुद्दीन यांना 1994 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2012 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ज्येष्ठतेचा मान राखला गेला नाही म्हणून त्यांनी ती नाकारली. मे 2013 मध्ये त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत ते शिकवत होते.

शेवगावच्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटू नये, कारण ध्रुपदाचा अर्धा संसार त्याच्या ओळखीचाच आहे. सप्ताहात कीर्तनापूर्वी पखवाजी कोपऱ्यात बसून काय करतो ते आठवून पाहा. मळलेल्या कणकेचा गोळा तो डाव्या पुडीवर थापतो, बोटाने कड सारखी करतो, थाप मारून पाहतो. आवाज चढा वाटला तर आणखी थोडी कणीक, जड वाटला तर थोडी काढून टाकतो. ध्रुपदाच्या मैफिलीतला पखवाजीही हेच करतो. वाद्य तेच, आणि पुष्कळदा माणसंही त्याच परंपरेतली. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी भजनाच्या मुशीत तयार झाले आणि पखवाजासाठी पद्मश्रीपर्यंत पोहोचले. मोहियुद्दीन यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांत साथीला माणिक मुंडे यांचा पखवाज आहे. वारकऱ्यांच्या फडावरून ध्रुपदाच्या मंचापर्यंत जाणारी वाट मराठी पखवाजींनी कधीच मळवून ठेवली आहे. श्रोत्यांनी त्या वाटेने जायचं तेवढं बाकी आहे.

म्हणून आपल्या तालुक्यातल्या मंडळांना, महाविद्यालयांना आणि सप्ताहाच्या संयोजकांना एक मनापासूनची विनंती. वर्षातून एक पहाट ध्रुपदाला द्या. मोठा मंडप नको, कर्णे तर नकोतच. मंदिराचा सभामंडप आणि शंभर माणसं पुरेत. तोवर घरी ऐकायचं असेल, तर फरीदुद्दीन डागर यांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज सापडतात. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर मात्र ती लावू नका, त्यातून हे खालचे स्वर नीट बाहेरच पडत नाहीत. साधा हेडफोन किंवा बरा स्पीकर घ्या, पहिली वीस मिनिटं पुढे ढकलू नका, आणि गायक मधल्या षड्जावरून खाली निघाला की प्रत्येक स्वरावर तो किती वेळ थांबतो तेवढंच पाहा. राग ओळखता आला नाही तरी चालेल.