साचलेली चूक

टेबलावर दोन चाकांचा रोबो. एका विद्यार्थिनीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिने हात सोडले मात्र, तो सुसाट सुटला आणि कडेला लावलेल्या उशीवर जाऊन आपटला. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी हे पाहत होते. या कामावर तिचा तिसरा दिवस होता. मोटार बदलून झाली होती, बॅटरी बदलून झाली होती, सेन्सरही नवा लावला होता.

चौथ्या दिवशी उलगडा झाला. रोबोचा तोल सांभाळणारा कंट्रोलर तीन गोष्टी बघतो: आत्ता किती कललोय, किती वेगाने कलतोय आणि आतापर्यंतची चूक मिळून किती झाली. रोबो हातात धरलेला असताना किंचित कललेला असायचा. आत प्रोग्रॅम चालूच. मोटार फिरवूनही कल जात नाही म्हणून तो चुकीत चूक मिळवत राहायचा, आणि हात सुटताच साचलेलं सगळं एकदम चाकांवर ओतायचा. पुस्तकात याला ‘इंटिग्रल वाइंडअप’ म्हणतात. तिने परीक्षेत यावर टीप लिहिली होती, पूर्ण गुण मिळाले होते. दुरुस्ती कोडच्या चार ओळींची: बेरजेला मर्यादा घालायची आणि रोबो हातातून सुटेपर्यंत ती शून्यावर ठेवायची. त्या चार ओळींपाशी पोचायला चार दिवस लागले. संशोधन-इंटर्नशिप म्हणजे हे चार दिवस, असं माझं ठाम मत आहे.

इंटर्नशिपवर गेल्या काही वर्षांत आपण पुष्कळ वाचलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना, तिचे तेव्हाचे महिना ५,००० रुपये, यूजीसीची मार्गदर्शक तत्त्वं, क्रेडिट, तास. त्यात पुन्हा शिरत नाही. त्या आठवड्यांमध्ये मुलं नेमकं करतात काय, हा प्रश्न मात्र फारसा चर्चेला आला नाही.

विद्यार्थी यंत्रापाशी बसून काय करू शकतो, याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण लंडनचं आहे. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी शिकवत होते आणि सेड्रॅक असिलियन हा त्यांचा संशोधक विद्यार्थी होता. समोर प्रयोगशाळेतलं छोटं वाफेचं इंजिन. बॉयलरला उष्णता किती द्यायची आणि वाफेची झडप किती उघडायची, एवढंच हातात. सांभाळायचे होते दाब आणि वेग. दोन्ही एकमेकांत गुंतलेले, एकाला हात लावला की दुसरं बिघडतं. इंजिनाचं नेमकं गणित मांडणं अवघड. मग त्यांनी बर्कलीच्या लोत्फी झादे यांच्या ‘फझी’ म्हणजे धूसर संचांची कल्पना उचलली. झादे यांनी ती १९६५ मध्ये मांडली होती, पण यंत्रावर ती चालेल यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. गुरु-शिष्यांनी अनुभवी कामगार बोलेल तसे मोजके नियम लिहिले: दाब बराच कमी असेल आणि फारसा बदलत नसेल, तर उष्णता बरीच वाढव. ‘बराच’, ‘फारसा’, ‘थोडा’ हे शब्द गणितात बसवले आणि इंजिन सुरळीत चाललं. १९७५ मध्ये त्यावर निबंध छापून आला. बारा वर्षांनी, १९८७ मध्ये, जपानच्या सेंदाई शहरातली भुयारी रेल्वे सुरू झाली, तिचा वेग आणि ब्रेक याच रीतीने सांभाळले जात होते. पुढे भात शिजवणारे कुकर आणि धुलाई यंत्रंही याच तत्त्वावर निघाली.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते असं: विद्यार्थ्यासमोर हट्टी यंत्र होतं, शेजारी बसणारा माणूस होता आणि ठरलेली वाट सोडायची मोकळीक होती.

आपल्याकडे यातलं काय मिळतं? बरेचदा फक्त प्रमाणपत्र. काही हजार रुपये भरा, चार व्हिडिओ बघा, ‘रोबोटिक्स आणि एआय इंटर्न’ असा सहीशिक्क्याचा कागद घ्या. अशा जाहिराती विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर रोज फिरतात. मला याचा संताप येतो, कारण पैसे भरणारी कित्येक मुलं आईबापांच्या कर्जावर शिकत असतात. इंटर्नशिपची सक्ती सगळ्यांना एकदम लागू झाली आणि प्रयोगशाळा होत्या तेवढ्याच राहिल्या, की असा बाजार भरणारच.

चांगल्या जागा नाहीत असं नाही. देशाच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. जर्मनीसाठी डाड या संस्थेची ‘वाइज’ योजना आहे, कॅनडासाठी मायटॅक्स या संस्थेची ‘ग्लोबलिंक’. पवईला आयआयटी मुंबईत प्रा. कवी आर्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘ई-यंत्र’ प्रकल्प रोबोटिक्सची देशव्यापी स्पर्धा घेतो आणि तिच्यात चमकलेल्यांना उन्हाळ्यात इंटर्न म्हणून बोलावतो. कोणत्या गावच्या कॉलेजातून आलास, यापेक्षा तुझा रोबो चालला का, हे तिथे बघतात. पण एक गोष्ट आपल्या मुलांना कोणी वेळेवर सांगत नाही: मे महिन्याची इंटर्नशिप दिवाळीच्या आगेमागे ठरते. बहुतेक अर्ज तेव्हाच भरायचे असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये जाग येते आणि मग तो कागद विकत घ्यावा लागतो.

सगळ्यांना पवई किंवा म्युनिक मिळणार नाही, हे उघड आहे. तिसरी वाट मला त्या रोबोवाल्या कॉलेजाच्याच वसतिगृहात दिसली. छतावर सौर पॅनेल, खाली पाण्याचा पंप. पंप जास्त चालायचा संध्याकाळी, वीज सर्वांत महाग असते तेव्हा. दुपारी ऊन भरपूर, पण टाकी भरायची आठवण कोणाला नाही. तिघा विद्यार्थ्यांनी हेच सहा आठवड्यांचं काम म्हणून घेतलं: पंप शक्यतो उन्हात चालवायचा, पाणी मात्र कोणाला कमी पडता कामा नये. पहिला आठवडा सेन्सरने खाल्ला. टाकीच्या झाकणाखाली लावलेल्या अल्ट्रासॉनिक सेन्सरवर वाफेचे थेंब जमायचे आणि भरलेली टाकी रिकामी दिसायची.

मग त्यांच्या सरांनी त्यांना पंप सांभाळणाऱ्या मामांकडे पाठवलं.

“मामा, सकाळी पंप कधी लावता?”

“आंघोळी आटपल्या की.”

“म्हणजे किती वाजता?”

“एरवी नऊला. रविवारी अकरा धरा. परीक्षा असली की पोरं सहालाच उठतात, तेव्हा रात्रीच टाकी भरून ठेवायची. आणि पाऊस पडला की कपडे कमी धुतात.”

मुलांनी हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. पाणी ‘बरंच’ असेल आणि ऊन ‘येणार’ असेल तर थांब. परीक्षा असेल तर थांबू नको. लंडनच्या इंजिनाचा निबंध त्यांनी तोवर वाचला नव्हता. सरांनी तो त्या संध्याकाळी त्यांच्या हातात ठेवला.

मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा पंपाच्या खोलीत भिंतीवर एक छोटा स्क्रीन लागला होता. खाली हाताने आखलेला तक्ता: तारीख, ऊन, टाकी, पंप किती मिनिटं चालला. शेवटचा रकाना ‘परीक्षा’. तो भरायचं काम मामांकडे आहे, आणि पुढच्या पंधरवड्याच्या तारखा त्यांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या.