अध्यापन-स्वातंत्र्य आणि प्राध्यापकांचा राजकीय कल : अमेरिकेतील वादाचे स्वरूप

प्राध्यापकाचे राजकीय मत आणि त्याच्या अध्यापनातील पक्षपात या दोन भिन्न बाबी आहेत. अमेरिकेत शतकाहून अधिक काळ चाललेल्या वादात मात्र त्यांची वारंवार गल्लत झालेली दिसते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांनी ट्रामगाड्यांवर नगरपालिकेची मालकी असावी असे प्रतिपादन केले, तसेच आशियाई मजुरांच्या आगमनास जाहीर विरोध केला. विद्यापीठाच्या सहसंस्थापिका जेन स्टॅनफर्ड यांच्या दडपणामुळे १९०० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. रॉस यांची वंशविषयक मते निषेधार्हच होती. तरीही त्यांच्यावरील कारवाईविरुद्ध अनेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्यांपैकी एक तत्त्वज्ञ आर्थर लव्हजॉय. पुढे १९१५ मध्ये लव्हजॉय व जॉन ड्यूई यांच्या पुढाकाराने अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापकांचा संघ स्थापन झाला.

संघाच्या त्याच वर्षीच्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्याबरोबर कर्तव्यही सांगितले आहे. वादग्रस्त विषय शिकविताना इतर अभ्यासकांची भिन्न मते न्याय्य रीतीने मांडावीत. विद्यार्थ्यांच्या हाती तयार निष्कर्ष न देता त्यांना स्वतः विचार करावयास शिकवावे. विषयाशी संबंध नसलेली वादग्रस्त बाब वर्गात आणू नये, अशी भर १९४० च्या निवेदनात पडली. कसोटी मताची नसून वर्गातील आचरणाची आहे, आणि ती लावण्याचा अधिकार प्रथमतः समव्यावसायिकांचा आहे.

नील ग्रॉस व सोलॉन सिमन्स यांच्या २००६ मधील पाहणीत सुमारे ४४ टक्के प्राध्यापक उदारमतवादी, तर अवघे ९ टक्के परंपरावादी आढळले. उरलेले मध्यममार्गी होते. ही विषमता क्षुल्लक नाही. एकाच मताच्या विभागात काही प्रश्न संशोधनास योग्यच वाटत नाहीत, असे घडू शकते. परंतु वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले जाते, हे या आकड्यांवरून कळत नाही.

विषमतेवरील उपाय म्हणून शासन पुढे येते तेव्हा प्रश्न अधिक बिकट होतो. मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ पॉल स्वीझी यांनी न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील व्याख्यानाविषयी राज्याच्या महाधिवक्त्यांना उत्तरे देण्याचे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये त्यांची शिक्षा रद्द केली. फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये वंश व लिंगभाव यांविषयीच्या काही संकल्पनांचे वर्गात समर्थन करण्यास कायद्याने मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने विद्यापीठांपुरती त्याची अंमलबजावणी तात्पुरती रोखली. सरकारी विद्यापीठातील प्राध्यापकाचे वर्गातील बोलणे हे शासनाचेच बोलणे होय, असा युक्तिवाद राज्याने त्या खटल्यात केला होता.