उभ्या गाडीचे इंजिन

शर्यतीच्या इंजिनाची परीक्षा वेगातच होते, असा आपला समज असतो. खरे पाहता, त्याचा मेळ नीट बसला आहे की नाही, हे गाडी उभी असतानाच कळते.

अमेरिकेत हौशी मंडळी जुन्या मोटारींची इंजिने अधिक जोरकस करून घेतात. त्यांवर पुष्कळदा होली कंपनीचा चार नळ्यांचा कार्बोरेटर असतो. त्याचा ४१५० हा नमुना १९५७ साली फोर्डच्या गाड्यांवर आला. अशी गाडी रस्त्यावर भरधाव धावते. पण चौकात थांबली की धडधडते, पेट्रोलचा वास सुटतो आणि बंद पडते. मालक मिश्रणाचा स्क्रू फिरवून थकतो. इंजिनाला त्याची दादच नसते. असे का व्हावे?

इंजिन मंद चालते तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. पेट्रोल झडपेखालच्या बारीक छिद्रातून येते. स्क्रूची सत्ता चालते ती या छिद्रावर. झडपेच्या कडेशी आणखी एक उभी फट असते. झडप उघडू लागली की ती पेट्रोल पुरवते, म्हणून गाडी निघताना अडखळत नाही. या फटीवर मात्र स्क्रूची सत्ता नाही.

जोरकस इंजिनाचा कॅम वेगासाठी घडवलेला असतो, त्यामुळे मंद गतीत त्याची ओढ कमी पडते. साध्या इंजिनाची ओढ पाऱ्याच्या १६ ते २० इंच, तर याची कित्येकदा १० इंचांहूनही कमी भरते. ते बंद पडू नये म्हणून मालक झडप जास्त उघडतो. फट मोकळी होते, पेट्रोल तिच्यातून वाहू लागते आणि स्क्रू निरुपयोगी ठरतो.

यावर उपाय असा: कार्बोरेटर उतरवून उलटा धरावा. फटीचा जेमतेम चौकोनी तुकडा, म्हणजे इंचाचे २० ते ४० सहस्रांश, दिसेल इतकीच झडप उघडी ठेवावी. उरलेली हवा मागच्या दोन झडपा किंचित उघडून द्यावी. मग इंजिन तापल्यावर, दीड फेरा उघडलेल्या स्क्रूंपासून आरंभ करून, सर्व स्क्रू सारखेच थोडेथोडे फिरवावेत. व्हॅक्यूम-मापकाचा काटा सर्वांत वर चढेल तेथे थांबावे.

ही केवळ हौसेची बाब नव्हे. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि प्लगवर काजळी धरते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. म्हणून हे काम बंद गॅरेजात कधीही करू नये.

स्क्रू ऐकत नसेल तर तो आणखी पिळण्यात अर्थ नाही. पेट्रोल दुसऱ्या कोणत्या वाटेने येते आहे, ते आपण आधी पाहावे.