धंदा वाढतो, पैसा आटतो

ठेकेदार म्हटला की फटफटीवरून फिरणारा, खिशात नोटांचे पुडके बाळगणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. माझे वडील मूळचे गवंडी. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या अकोले तालुक्यात घरबांधणीचे ठेके घेण्यास सुरुवात केली. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून वही माझ्याकडे आली. त्या वहीने जे शिकवले, ते येथे मांडतो.

घरमालक पैसे टप्प्याने देतो : जोत्याला, स्लॅबला, गिलाव्याला. मजुराला मात्र दर बाजाराला पैसे द्यावेच लागतात. समजा, कामावर दोन गवंडी ९०० रुपये रोजाने व चार बिगारी ६०० रुपये रोजाने आहेत. दिवसाचे ४,२०० रुपये, सहा दिवसांचे २५,२०० रुपये झाले. मालकाचा हप्ता आठ आठवडे लांबला, तर नुसती मजुरीच २,०१,६०० रुपये होते. सिमेंट, सळई, वाळू निराळीच. कामे दोन असली की हा आकडा दुप्पट होतो. नफा कागदावर राहतो आणि देणेकरी दारात उभा राहतो.

सरकारी कामातही हेच आहे. निविदेबरोबर बयाणा भरावा लागतो, पुढे सुरक्षा ठेव अडकते आणि मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही.

गेल्या वर्षी वडिलांनी एकदम दोन घरे घेतली. दुसऱ्या घराच्या जोत्याचा हप्ता पहिल्याच्या स्लॅबमध्ये गेला. पहिल्या मालकाचे पैसे थकले, दुसरे काम बंद पडले, बिगारी निघून गेले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. वडील म्हणाले, "काम वाढलं, मग पैसा गेला कुठं?" उत्तर वहीतच होते, पण दोन्ही घरांचा हिशेब मी एकाच पानावर लिहीत होतो. चूक माझी होती.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या ठेक्यांपासून सुरुवात केली, ती लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीदारीत. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते, त्यांना कामाची माहिती. वालचंद व्यापारी घराण्यातले, त्यांना पैशाची जाण. पुढे १९२६ साली वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. आमचे भंडारदरा धरण पुरे झाले तेही त्याच साली. काम जाणणारा आणि पैसा जाणणारा, असे दोघे लागतात, हे मला यातून कळले.

आता आमच्या वहीत प्रत्येक कामाला स्वतंत्र पान आहे. मालकाने जादा काम सांगितले, तर दर ठरवून, सही घेऊनच ते सुरू होते. आठ आठवड्यांची मजुरी हाती असल्याशिवाय दुसरे काम घ्यायचे नाही, असे ठरले आहे. त्यामुळे या दिवाळीत आलेले एक काम वडिलांनी परत पाठवले. त्यांना वाईट वाटले, मलाही वाटले. पण पाटल्या सुटल्या आहेत.

(द्वितीय वर्ष, कला)